आठशे मीटर आणि उसाचा फड

मंडळी, या विकांताचा विषय जरा वेगळा आहे. बायकांच्या शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, आणि शरीराचे कष्ट. घाबरू नका, शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंसारख्या आकृत्या काढायला लावणार नाही. मला रस आहे तो यातल्या इतिहासात. बाईच्या शरीराला श्रम झेपतात का, हा वाद निदान दीडशे वर्षं चालू आहे. त्याचं उत्तर कोणी दिलं, काय मोजून दिलं आणि मोजताना कोणाला वगळलं, ही गोष्ट सुरुवातीला बरीच करमणूक करते. पुढे ती तशी राहत नाही.

सुरुवात आपल्या माणपासूनच करू. माण म्हणजे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या शेजारचं गाव. आयटी पार्कचा तिसरा फेज बराचसा याच गावच्या जमिनीवर उभा आहे. इथल्या कंपन्यांमधल्या कितीतरी मुली आता पळतात, जिमला जातात, हाफ मॅरेथॉनची तयारी करतात. आणि इथून थोड्याच अंतरावर, कासारसाई-दारुंब्र्याला, साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा कारखान्यांसाठी ऊस तोडायला बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून जोडप्याजोडप्याने माणसं येतात. फडात ऊस तोडणं, मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणं, यात अर्धा वाटा बाईचा.

म्हणजे एक बाई पळते, दुसरी मोळी वाहते. स्नायू तेच, हाडं तीच, संप्रेरकंही तीच. आता मागे जाऊ.

हार्वर्डचा डॉक्टर आणि २६८ उत्तरं

१८७३ साली बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ हार्वर्डमध्ये प्राध्यापक होता, म्हणजे शब्दाला वजन. त्याचं म्हणणं असं की शरीरात शक्तीचा साठा ठरावीक असतो. मुलगी वयात येत असताना तिने मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला, तर शक्ती मेंदूकडे जाणार आणि गर्भाशय, अंडाशय वगैरे मंडळी उपाशी राहणार. पुरावा काय? त्याच्याकडे आलेल्या मोजक्या पेशंट मुली! पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

याला उत्तर दिलं न्यूयॉर्कच्या मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरणीने. १८७६ साली हार्वर्डच्याच बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषय होता: पाळीच्या दिवसांत बायकांना विश्रांतीची गरज असते का? जेकोबीबाईंनी हजार प्रश्नावल्या पाठवल्या, २६८ बायकांची उत्तरं मिळवली. शिवाय काही बायकांची नाडी, तापमान आणि स्नायूंची ताकद महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी मोजली. आजच्या भाषेत सांगायचं तर क्लार्कसाहेबांनी मत पोस्ट केलं आणि बाईंनी डेटा टाकला. पारितोषिक बाईंना मिळालं. निष्कर्ष असा: पाळी आहे म्हणून विश्रांती हवीच असं पाळीच्या स्वभावात काही नाही. पण त्याला त्यांनी एक अट जोडली होती. जिचं पोषण खरोखर नीट आहे तिच्यापुरतंच हे खरं. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

यात आपला एक धागा आहे. जेकोबीबाई १८६४ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयात १८८३ साली कल्याणची आनंदीबाई जोशी दाखल झाली आणि मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. क्लार्कच्या हिशेबाने तिने तर शिकायलाच नको होतं. प्रत्यक्षात तिचा घात अभ्यासाने केला नाही, क्षयाने केला. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली तेव्हा बावीस वर्षांचीही नव्हती.

नळीतलं संप्रेरक आणि पाटीवरचा नियम

संप्रेरकं तेव्हा कोणी पाहिलेलीच नव्हती. १९२३ साली अमेरिकेत एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातल्या द्रवाचा परिणाम उंदरांवर मोजून दाखवला. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतला अडॉल्फ ब्युटेनांट यांनी वेगवेगळं काम करून इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये हाती लागलं.

आता गंमत पाहा. संप्रेरक अजून शुद्ध करून हाती यायचंच होतं, तेव्हा क्रीडा संघटनांच्या साहेबांना बाईच्या शरीराबद्दल सगळं ठाऊक झालेलं होतं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. काही जणी शेवटी गवतावर आडव्या झाल्या, पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांत आलं की बायका कोसळल्या, भयंकर दृश्य होतं, काहींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. झालं! पुढच्या ऑलिंपिकपासून ही शर्यत रद्द. ती परत आली थेट १९६० मध्ये. बत्तीस वर्षं! चुकीच्या बग रिपोर्टवरून अख्खं फीचर काढून टाकावं, तसला प्रकार.

याचा फटका आपल्यालाही बसला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या चमूत चार मुली होत्या. मुंबईची धावपटू मेरी डिसूझा आणि मुंबईचीच जलतरणपटू डॉली नझीर, शिवाय बंगालच्या नीलिमा घोष आणि आरती साहा. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. तिच्यात याहून लांब पळायची ताकद होती की नव्हती, हे त्या ऑलिंपिकमध्ये कळायची सोयच नव्हती, कारण बायकांसाठी सगळ्यात लांब शर्यतच २०० मीटरची होती.

मग एकेक दार उघडत गेलं. १५०० मीटर १९७२ मध्ये. मॅरेथॉन १९८४ मध्ये, आणि ती जोन बेनॉइटने २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. दहा हजार मीटर १९८८ मध्ये. अडथळ्यांची ३००० मीटर स्टीपलचेस तर २००८ मध्ये. पुरुषांची स्टीपलचेस विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती!

इथे दुसरं माण येतं. मुळशीतलं नाही, साताऱ्यातलं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत ही स्टीपलचेस धावली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी पात्रता मिळवून गाठणारी ती पहिली भारतीय महिला. ती एक पिढी आधी जन्मली असती तर तिच्या ऐन उमेदीत ऑलिंपिकला ही शर्यतच नसती.

मोजल्यावर काय दिसलं

दारं उघडल्यावर शास्त्रज्ञही कामाला लागले. लांब पल्ल्याच्या बाबतीत जे दिसलं ते क्लार्कसाहेबांना झेपलं नसतं.

पळताना शरीर दोन मुख्य इंधनं जाळतं. एक ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, आणि दुसरं चरबी. साखरेचा साठा लहान असतो. तो संपला की पाय शिशाचे होतात. कॅनडातल्या टार्नोपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सहा पुरुष आणि सहा बायका घेतल्या, सगळे सारख्याच तयारीचे, आणि त्यांना ट्रेडमिलवर साडेपंधरा किलोमीटर पळवलं. बायकांच्या शरीराने चरबी जास्त जाळली आणि साखर वाचवली. पुरुषांनी साधारण पंचवीस टक्के जास्त ग्लायकोजेन खर्च केलं. पुढे याच गटाने पुरुषांना काही दिवस इस्ट्रोजेन देऊन पाहिलं, तर त्यांचं शरीरही चरबी जास्त आणि साखर कमी वापरायला लागलं. म्हणजे ज्या संप्रेरकाच्या नावाखाली बायकांना लांब पळू दिलं नाही, तेच लांब पळताना इंधन पुरवून वापरायला मदत करतं. आता बोला!

प्रोजेस्टेरॉनचं काम वेगळं. बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात ते वाढतं, तेव्हा शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि श्वास थोडा जोरात चालतो. उकाड्यात पळणाऱ्या काही मुलींना हे जाणवतं.

मग महिन्याच्या कोणत्या आठवड्यात कोणता व्यायाम करायचा याचं वेळापत्रक देणारी अ‍ॅप्स बरोबर आहेत का? २०२० मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी सरासरीने किंचित कमी दिसते, इतकी किंचित की बहुतेकींना फरक पडू नये. शिवाय त्या अभ्यासांचा दर्जाही बराचसा सुमार होता. सार एवढंच: सगळ्या बायकांना एकच वेळापत्रक लागू होत नाही. तुमचं शरीर त्या दिवशी काय म्हणतंय ते ऐका. पोटात कळा येत असतील तर आराम करा, येत नसतील तर खुशाल पळा. जेकोबीबाई १८७६ मध्ये साधारण हेच म्हणत होत्या.

आता ती अट

१९८० च्या आसपास डॉक्टरांच्या लक्षात आलं की भरपूर पळणाऱ्या काही मुलींची पाळी महिनोन् महिने येत नाही. अनेक प्रशिक्षकांना आणि मुलींनाही त्यात वावगं वाटत नसे. उलट, तयारी चांगली चालल्याची खूण! १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या १४ खेळाडू आणि नियमित असलेल्या १४ खेळाडू यांच्या मणक्यांची घनता मोजली. सरासरी वय पंचविशीचं. पाळी बंद झालेल्यांची घनता साधारण १४ टक्के कमी निघाली. पंचविशीतल्या पोरींचे मणके एक्कावन्न वर्षांच्या बाईसारखे! कारण इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरतं. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन खाली, आणि मग व्यायाम कितीही करा, हाड पोकळ होत जातं.

पण पाळी बंद का होते? जास्त कष्टांमुळे? म्हणजे क्लार्कसाहेबच बरोबर? हा गुंता अ‍ॅन लाउक्स या शास्त्रज्ञ बाईंनी सोडवला. त्यांनी व्यायाम आणि खाणं हे दोन व्हेरिएबल वेगळे केले. काहींना भरपूर व्यायाम आणि त्याच्या खर्चाइतकं जास्तीचं खाणं, काहींना कमी खाणं. १९९८ मध्ये निघालेलं उत्तर स्वच्छ होतं. व्यायामाने स्वतःहून काही बिघडत नाही. बिघडतं ते तेवढी ऊर्जा पोटात न गेल्यामुळे. २००३ मध्ये त्यांनी अंदाजाची रेघही काढली. कष्टांचा खर्च वजा केल्यावर, चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे रोज ३० किलोकॅलरींपेक्षा कमी उरलं, तर अवघ्या पाच दिवसांत मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावायला लागतात. ही रेघ प्रत्येकीला तंतोतंत लागू होते असं नाही, पण तत्त्व पक्कं आहे. मेंदू म्हणतो, बजेट कमी आहे, आधी हृदय आणि मेंदू चालू ठेवा, पाळीची सर्व्हिस बंद करा. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यावर सविस्तर भूमिका जाहीर केली, आणि तिच्यात पुरुष खेळाडूंनाही धरलं.

म्हणजे जेकोबीबाईंची पोषणाची अट सव्वाशे वर्षांनी प्रयोगशाळेत सिद्ध झाली. कष्ट बाईला मारत नाहीत. उपाशीपोटी कष्ट मारतात.

फडातली बाई

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. खेळाच्या विज्ञानातले पाच हजारांवर शोधनिबंध २०२१ मध्ये तपासले गेले. फक्त बायकांवर केलेले अभ्यास सहा टक्के निघाले. बहुतेक टेस्टिंग पुरुषांवर आणि रिलीज सगळ्यांसाठी. आणि त्या थोड्याथोडक्या बायका तरी कोण? धावपटू, नर्तकी, कॉलेजच्या विद्यार्थिनी. पोटासाठी श्रम करणारी बाई त्यात शोधावी लागते.

तिच्या श्रमाचा अंदाज घेऊ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला रोज १६६० किलोकॅलरी लागतात आणि जड काम करणारीला २७२०. म्हणजे तिसऱ्या फेजमध्ये खुर्चीत बसून कोड लिहिणारी आणि फडात मोळी वाहणारी यांच्यात हजाराहून जास्त किलोकॅलरींचा फरक. लाउक्सबाईंचं गणित लावून पाहा. समजा एका तोडणीवालीचं वजन ४५ किलो, चरबी सोडून ३५. ती दिवसाला १९०० किलोकॅलरी खाते आणि कामात हजार खर्च करते. उरल्या ९००. रेघ येते १०५० वर. आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, पण पहाटे उठून भाकरी-कालवण बांधून फडावर जाणारी, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई या रेघेच्या किती जवळ जगते, ते लक्षात यावं. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नाही म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी.

आणि विश्रांती? नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस चुकला तर 'खाडा', म्हणजे दंड. शहरातल्या मुलीच्या पाळीची नोंद फोनमधल्या अ‍ॅपमध्ये होते, तोडणीवालीची मुकादमाच्या वहीत. राहायला कोपी, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांब. मग जंतुसंसर्ग, अंगावरून जाणं, पोटदुखी. डॉक्टरकडे गेलं की कॅन्सरची भीती घातली जाते आणि सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका.

२०१९ मध्ये हा विषय बातम्यांत आला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. जवळजवळ सतरा टक्के. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

पिशवी काढली म्हणजे पाळीची कटकट संपली, खाडा वाचला, असा तो हिशेब. पण आत्तापर्यंत वाचलेलं आठवा. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. अंडाशय ठेवले तरी ते बऱ्याचदा वेळेआधी थकतात. म्हणजे पस्तिशीतल्या बाईच्या हाडांवरचं आणि रक्तवाहिन्यांवरचं संरक्षण निघून जातं, आणि तरीही पुढच्या हंगामात तिने तीच मोळी त्याच मणक्यांवर पेलायची असते. ड्रिंकवॉटरबाईंच्या चौदा खेळाडूंना निदान धोका कळला, त्यांना खाणं वाढवायचा आणि सराव कमी करायचा पर्याय होता. बीडच्या या बायकांना कंबर का धरली, हाडं का दुखतात, याचं उत्तर द्यायला बहुतेक वेळा कोणी नसतं.

क्लार्कसाहेबांनी पेशंट मुलींकडे पाहून शाळा बंद करायला सांगितलं. अ‍ॅमस्टरडॅमला गवतावर आडव्या झालेल्या मुली पाहून शर्यत बंद केली. आणि इथे पाळीमुळे काम बुडतं म्हणून पाळीच बंद केली. तिन्ही वेळा शरीराला दोष दिला. जेवण, पाणी, आराम आणि नियम यांतलं काहीच तपासलं नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या आणि पळणाऱ्या मैत्रिणींनो, तीन महिने पाळी आली नसेल तर ती फिटनेसची पावती समजू नका. आधी ताटात काय पडतंय ते बघा आणि डॉक्टरकडे जा. आणि आपल्या पार्कातल्या कंपन्यांमधल्या सीएसआरवाल्या मंडळींना एक सूचना. दरवर्षी मॅरेथॉनचे टी-शर्ट वाटता ते वाटाच, पण हंगामात चार मैलांवर कोप्या पडतात, तिथे पाण्याची टाकी, न्हाणीघर आणि आठवड्यातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ, एवढं जमवता येतं का बघा. खर्च टी-शर्टांएवढाच येईल असं वाटतं. कोणी पुढाकार घेत असेल तर मी शनिवार-रविवार मोकळा आहे.